गच्चीवरचे भाषण

‘अ वेनस्डे’ हा नीरज पांडे यांचा पहिलाच चित्रपट. ५ सप्टेंबर २००८ ला आला, आणि आजही दोंडाईचात सुटीला आमच्याकडे भाचे-पुतणे जमले की कोणीतरी तो लावतेच. लावावा असाच आहे. एक अनोळखी माणूस गच्चीवर बसून मुंबईच्या पोलीस आयुक्तांना फोन करतो, शहरात बॉम्ब पेरले आहेत म्हणतो आणि चार अतिरेक्यांना सोडा अशी मागणी करतो. गाणी नाहीत, प्रेमप्रकरण नाही. नसीरुद्दीन शाह आणि अनुपम खेर बराच वेळ नुसते फोनवर बोलतात, तरी आम्ही पाणी प्यायलाही उठत नाही.

मग ते भाषण येते. चौघांना सोडवायचे नव्हते, मारायचे होते, हे कळले की रहस्य संपते आणि समजावणे सुरू होते. सामान्य माणूस किती वैतागला आहे, २००६ च्या लोकल स्फोटांत रोजचे चेहरे कसे गेले, एकाला दोषी ठरवायला किती वर्षे लागतात, वगैरे. नसीर यांचा आवाज म्हणून खपून जाते. दुसऱ्या कोणी म्हटले असते तर शाळेतली वक्तृत्व स्पर्धा वाटली असती. त्या माणसाचे नाव, म्हणजेच धर्म, शेवटपर्यंत सांगितलेला नाही. आरिफ खान नावाचा शूर अधिकारीही आहे. तोल सांभाळला आहे, हे आम्हाला मान्य.

अडचण वेगळीच आहे. चौघे दोषी आहेत हे पटकथेने आधीच ठरवलेले, म्हणून टाळ्या वाजवणे सोपे जाते. चौथ्याला तर पोलीसच गोळी घालतात. पण आपल्या धुळ्यापुढेच मालेगाव आहे. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बरातच्या दिवशी, तिथे स्फोट झाले आणि नऊ मुस्लिम पकडले गेले. न्यायालयाने त्यांना २०१६ मध्ये आरोपमुक्त केले. त्यांतला एक तोवर हयात नव्हता. आणि ज्या लोकल स्फोटांचा दाखला हा माणूस देतो, त्या खटल्यात शिक्षा झालेल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्दोष ठरवले. त्यांतल्या पाच जणांना खालच्या न्यायालयाने फाशी सुनावली होती. सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले, पण कोणाला परत तुरुंगात पाठवले नाही. लोकलमध्ये गेलेली माणसे खरीच होती, त्यांच्या घरच्यांना खरा गुन्हेगार हवा आहे. गच्चीवरून तो सापडत नाही.

मुलांनी हा चित्रपट लावला तर बंद करू नका. दुसऱ्या दिवशी हंसल मेहता यांचा ‘शाहिद’ लावा, वकील शाहिद आझमी यांच्या आयुष्यावरचा. त्यात भाषणे कमी, कोर्टाच्या तारखा जास्त. मात्र कोठडीतली दृश्ये अंगावर येतात. धाकट्यांना आधी झोपवा.