उरूस, मलिदा आणि धर्म न पाळणाऱ्याचा सण (थ्रेड)

दरवर्षी फेब्रुवारीत परभणीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. मराठवाड्यातील दर्ग्यांत मलिद्याची रीत जुनी आहे: पोळी कुस्करायची, त्यात गूळ आणि तूप कालवायचे. तो मलिदा हातावर ठेवताना घेणाऱ्याची जात, धर्म किंवा श्रद्धा कोणी विचारत नाही.

साधारण याच ऋतूत, परभणीपासून शेकडो किलोमीटर दूर, अलिबागच्या बेने इस्राएली म्हणजे मराठी यहुदी घरांतही मलिदा होतो. तिथे पोळीची जागा पोह्यांनी घेतलेली असते. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, गोडासाठी साखर किंवा गूळ, वेलदोडा, सुका मेवा आणि सोबत फळे. यहुदी पंचांगातील शेवाट महिन्याच्या पंधराव्या दिवसाला या समाजाने दिलेले नाव ‘एलियाहू हन्नाबीचा उरूस’ असे होते. प्रेषित यहुदी, उरूस मुसलमानी, पोहे आणि नारळ कोकणचे. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी या ताटापुढे थोडा वेळ अवश्य बसावे.

आता मुख्य प्रश्न. प्रार्थना न म्हणणारा, शब्बाथ न पाळणारा, सिनेगॉगची पायरी क्वचितच चढणारा बेने इस्राएली तरुण हा मलिदा चवीने खातो, तेव्हा तो सण साजरा करतो की नुसते गोडधोड खातो? श्रद्धावान म्हणतो, श्रद्धेविना हे केवळ जिभेचे चोचले. नास्तिक मित्र म्हणतो, हा जुन्या धर्माचा उरलेला गाळ, त्याला अर्थ चिकटवू नये. दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे: आधी श्रद्धा, मग अन्न. या समाजाचा इतिहास या गृहीतकाला साथ देत नाही.

अलिबागजवळच्या नवगावी जहाज फुटून सात स्त्रिया व सात पुरुष वाचले, ही या समाजाची उत्पत्तिकथा. तिचा काळ ठरवण्यावरून अभ्यासकांत मतभेद आहेत. एवढे मात्र स्पष्ट दिसते की कोकणातील खेड्यांत तेलाचे घाणे चालवणारे हे लोक दीर्घकाळ धर्मग्रंथांविना, हिब्रूच्या ज्ञानाविना आणि रब्बींविना राहिले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. सुंता टिकली, ‘शेमा’ ही प्रार्थना टिकली आणि खाण्यापिण्याचे नियम टिकले.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला, आणि थेट १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेलेला, बेने इस्राएलांचा इतिहास याबाबत अमूल्य आहे. त्यातील सणांची जुनी नावे पाहावीत. रोश हशाना, म्हणजे नववर्ष, हा ‘नव्याचा सण’. त्यामागून ‘खिरीचा सण’: नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक म्हणजे ‘बिरड्याचा रोजा’. मंदिर कोणाचे, ते कोणी पाडले, ही कथा विस्मरणात गेली; पण मोड आणून सोललेल्या कडधान्याचे बिरडे विसरले गेले नाही. वल्हांडणाचे नाव तर विलक्षणच आहे: ‘अनाशी ढाकायचा सण’. अनाशी म्हणजे आंबट रस साठवलेले मडके. या आठ दिवसांत आंबवलेले खायचे नाही, म्हणून ते मडके झाकून ठेवायचे. इजिप्तमधील गुलामगिरी, मोशे, दुभंगलेला समुद्र, सारे काही हरवले होते. मडके मात्र वर्षानुवर्षे ठरल्या वेळी झाकले जात होते. वल्हांडणाची कथा सांगणारी हग्गादा मुंबईत १८४६ मध्ये मराठी अनुवादासह छापली गेली, तेव्हा ती जुन्या मडक्याला येऊन मिळाली.

समाजाच्या आख्यायिकेत दावीद रहाबी नावाचा एक यहुदी येतो. हे लोक खरोखर आपले आहेत का, याची त्याला खात्री करायची असते. तो बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवतो आणि रांधायला सांगतो. बायका खवले व पर असलेले मासे वेगळे काढतात आणि बाकीचे बाजूला सारतात. रहाबीची खात्री पटते. तो नेमका कोण आणि कधीचा, हा वाद चालू राहील. आख्यायिकेने परीक्षेची जागा म्हणून स्वयंपाकघर निवडले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सोडून देऊ नये.

दुसरी परीक्षा अशी सौम्य नव्हती. १९४८ नंतर हजारो बेने इस्राएली इस्राएलला गेले. १९६२ मध्ये तेथील मुख्य रब्बी परिषदेने विवाहापूर्वी त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करण्याचे निर्देश दिले. या वेळी मासे कोणी पुढे ठेवले नाहीत. वंशाचा पुरावा मागितला. कोकणातून आलेल्या माणसांना जेरुसलेममध्ये धरणे धरावे लागले, आणि १९६४ मध्ये त्या निर्देशांतून त्यांचे नाव वगळले गेले. ग्रंथाच्या कसोटीवर या समाजाचे पूर्वजही ‘न पाळणारे’च ठरले असते. मग आजच्या न पाळणाऱ्या नातवाच्या ताटाला कमी लेखायचा अधिकार कोणाला?

तरीही त्या नातवाला इतक्या सहज सोडता येत नाही. नव्याच्या सणाला चिकाचा हलवा होतो. गहू भिजवायचे, वाटायचे, गाळून चीक काढायचा, आणि नारळाच्या दुधात साखरेसह आटेपर्यंत हात न थांबवता घोटायचा. गाईचे दूध नाही, कारण मांसाच्या जेवणासोबत दूध चालत नाही. हलवा खाणारा तो नियम मानो वा न मानो, नियम त्या वडीत मुरलेला असतोच. पण तो तिथे आला कोणाच्या हातून? घरातल्या पाळणाऱ्या आजीच्या. भारतातील यहुद्यांची संख्या १९५१ च्या जनगणनेत सुमारे २६ हजार होती, २०११ मध्ये साडेचार हजारांच्या आसपास. इतक्या थोड्यांत केवळ खाणाऱ्यांवर सण चालत नाही. त्या तरुणाला कोणी ‘तू प्रार्थना करतोस का’ असे विचारू नये. गहू कधी भिजत घालायचे, हे त्याला ठाऊक आहे का, एवढे मात्र विचारावे.

एस्तेर डेव्हिड यांच्या ‘बुक ऑफ रेचल’ या कादंबरीला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोकणकिनाऱ्यावर एकटीच उरलेली एक वृद्धा तीत सिनेगॉग सांभाळते, आणि प्रत्येक प्रकरणाचा आरंभ एखाद्या पाककृतीने होतो. इकडे लोद, अश्दोद, दिमोना या गावांतील मराठी यहुदी घरांत नवस फेडताना अजूनही पोहे भिजतात, नारळ खवला जातो. ताटाभोवती बसलेल्यांत काहींना हिब्रू प्रार्थना पाठ असते, काही नुसतेच मलिदा कधी वाटतात याची वाट पाहत असतात.