कोपीत शेगडी नको, अंथरुणाखाली पाचट हवं

दिवाळी सरली की पाटसच्या भीमा कारखान्यासाठी, आलेगावच्या दौंड शुगरसाठी बीड, पाथर्डी, जालन्याकडच्या ऊसतोडणीच्या टोळ्या आपल्याकडे उतरतात. राहू, पारगाव, देऊळगाव राजे, तिकडे शिरूरमध्ये मांडवगण फराटा. जिथं ऊस, तिथं कोप्यांची रांग. कुणाचं बिऱ्हाड टायरगाडीवर, कुणाचं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. पट्टा पडेपर्यंत हेच घर. बांबूच्या कमानी, वर चटई नाहीतर प्लॅस्टिकचा कागद, आत नवरा-बायको, पोरं आणि एक पत्र्याची पेटी. हे पान टोळीतल्या माणसांच्या हाती पडेलच असं नाही. म्हणून ज्यांच्या बांधावर ती उतरली आहेत त्या बागायतदारांना, मुकादमांना आणि चिटबॉयना सांगतो. तुम्ही पुढं सांगा.

आधी जिवावरचं. कडाक्याची थंडी पडली की घमेल्यात निखारे घालून ते कोपीत घेतले जातात आणि पडदा खाली सोडला जातो. हे होऊ देऊ नका. धूर निघून गेला, नुसता लालबुंद विस्तव राहिला, म्हणजे आता भीती नाही, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर याच विस्तवातून कार्बन मोनॉक्साइड सुटत असतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत पाणी नाही की ठसका नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून अधिक घट्ट धरतो, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. हे गरिबाच्या कोपीतच घडतं असंही नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दमण इथं एका रिसॉर्टच्या बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक दगावले, त्यांत चार लहान मुलं होती.

बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची आपली जुनी रीत आहे. ती उंच आढ्याच्या, कौलांतून हवा खेळणाऱ्या घरातली. प्लॅस्टिकच्या कोपीत ती चालणार नाही, हे टोळीतल्या म्हाताऱ्या बाईला आदरानं पण स्पष्ट सांगा. तान्ह्या बाळाला ऊब हवी असेल तर त्याला टोपडं घालून, आईच्या लुगड्याच्या आत, उघड्या छातीशी धरू द्या आणि वरून गोधडी. सरकारी दवाखान्यात कमी वजनाच्या बाळांना असंच धरायला सांगतात. पहाटेची आंघोळ तर नकोच.

मग थंडी घालवायची कशी? निम्मी थंडी खालून येते. वरून तीन गोधड्या आणि खाली नुसता कागद, अशानं अंगाची ऊब रात्रभर जमीन ओढून घेते. खाली आधी प्लॅस्टिकचा कागद, म्हणजे ओल वर येणार नाही. त्यावर चांगलं वीतभर जाडीचं वाळलेलं पाचट, वर बारदान, मग अंथरूण. पाचट आधी झटकून, उन्हात पसरून घ्यायचं, विंचू-काटा असतो. आठवड्यानं दबून पातळ झालं की नवं घालायचं. पाचटाला आपल्याकडे तोटा नाही, आणि तरीही आपण ते पेटवून देतो. यंदा चार भारे त्यांना उचलू द्या, बाकीचं रानातच कुजू द्या. पेटवायचंच म्हणत असाल तर कोप्या शेजारी असताना तरी काडी लावू नका. वाऱ्यावर उडालेली एक ठिणगी अख्खी रांग घेऊन जाते.

कोपीची जागा तुम्हीच दाखवता, तर चारीच्या कडेची, सखल जागा देऊ नका. गार हवा जड असते, ती खोलगटात साचते. चार हात उंचावरची जागा द्या. दार वाऱ्याच्या तोंडाला नको. या दिवसांत वारा बहुधा उत्तर-पूर्वेचा असतो. खालच्या कडेनं मातीचा बांध घालून घ्यावा. प्लॅस्टिकला आतून घाम येतो आणि पहाटे तो अंथरुणावर टपकतो, म्हणून आतून जुन्या साड्यांचं किंवा बारदानाचं अस्तर थोडं अंतर सोडून बांधावं. बिबट्याच्या धास्तीनं सगळीकडून घट्ट आवळून झोपतात, आणि आपल्या भागात ती धास्ती खोटी म्हणता येत नाही. दार आवळा, पण माथ्याजवळ दोन्ही टोकांना हात जाईल एवढं भोक राहू द्या. तेवढ्यानं कोपी गार पडत नाही.

चूल बाहेरच, वाऱ्याच्या आडोशाला. तिच्याजवळ तापवलेली वीट गोणपाटात गुंडाळून पायथ्याशी ठेवली तर बराच वेळ ऊब देते. वीट किती तापली आहे ते आधी हातानं बघावं, पोरांच्या अंगाला ती लागू नये. फडातून दवानं भिजून आलेले कपडे अंगावर ठेवून झोपू नये. एक कोरडा जोड फक्त झोपण्यासाठी राखावा. घरातली जुनी स्वेटरं, कानटोप्या बोहारणीला देण्याआधी बांधावर नेऊन द्या. आणि थंडीसाठी म्हणून घेतलेल्या दारूनं कातडीला ऊब वाटते, अंगातली मात्र निघून जाते.

एकाच कोपीतल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं, मळमळलं, चक्कर आली, तर त्यांना तडक बाहेर मोकळ्या हवेत आणायचं आणि १०८ ला फोन करायचा. कांदा हुंगवण्यात वेळ घालवायचा नाही. इथंच एक अडचण येते: रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेवाला विचारतो, कुठं यायचं? परक्या मुलखातल्या माणसाला ना वस्तीचं नाव ठाऊक, ना चारीचा नंबर. तेव्हा वस्तीचं नाव, डांबरी सोडून कुठं वळायचं ते आणि तुमचा फोन नंबर टोळीतल्या दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये आजच टाकून द्या, आणि तुमचा फोन रात्री चालू ठेवा.