अठरा फुटांची रेघ

बुलेटच्या टाकीवरची ती सोनेरी रेघ आठवतेय? रॉयल एनफिल्डच्या चेन्नईच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षं माणसाने ब्रश हातात धरून मारली. मशीन नाही, स्टिकर नाही. हे कळल्यापासून माझा एक मित्र स्वतःची गाडी जरा जास्तच प्रेमाने पुसतो. तर आज त्या रेघेच्या एका लांबच्या चुलत बहिणीची गोष्ट. नाव पिनलाइन, मुक्काम कॅलिफोर्निया. आणि ही बाई गाडीवर नाही, सर्फबोर्डवर असते.

आता तुम्ही म्हणाल, सर्फबोर्डाशी आपला काय संबंध? आपला बॅलन्स विरार लोकलच्या दारात सिद्ध झालेला! मान्य. माझाही नव्हता. पण सॅन डिएगोला मावसबहिणीकडे गेले होते आणि तिच्या नवऱ्याने हाताने घडवलेला नऊ फुटी लाँगबोर्ड ऑर्डर केला होता. सॉफ्टवेअरवाला माणूस, आयुष्यात पहिल्यांदा न घासाघीस करता काहीतरी विकत घेत होता. बोर्ड कुठवर आलाय ते बघायला तो वर्कशॉपमध्ये निघाला, मी मागे लागले. आत शिरल्यावर पहिला लागला तो वास. स्टायरीनचा. नवं फायबरचं सामान, नेलपॉलिश आणि डोकेदुखी यांचं मिश्रण समजा.

आधी बोर्ड कसा बनतो ते झटपट. पॉलियुरेथेन फोमचा एक ओबडधोबड ठोकळा असतो, त्याला ब्लँक म्हणतात. त्याच्या मधोमध लाकडाची पातळ पट्टी. शेपर तो तासून आकार देतो. हल्ली हे काम बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटरवर चालणारं मशीन करतं, शेपर फक्त शेवटचा हात फिरवतो. मग बोर्ड जातो ग्लासरकडे. तो फायबरग्लासचं कापड पसरतो आणि त्यावर पॉलिएस्टर रेझिन ओततो. आधी खालची बाजू, मग वरची.

गंमत इथे सुरू होते. खालच्या बाजूला रंगीत रेझिन लावलं, की ते कापड कडेवरून वळून वरच्या बाजूला दोन-तीन इंच येतं. ते वेडंवाकडं दिसू नये म्हणून वर आधीच टेप लावून ठेवलेली असते. रेझिन रबरासारखं झालं की टेपच्या कडेने ब्लेड फिरवायचं आणि जास्तीचं कापड सोलून काढायचं. याला म्हणतात कटलॅप. ब्लेड हलकं पडलं तर कापड कापलं जात नाही. जोरात पडलं तर खालचा फोम चिरतो. आणि कितीही छान कापलं तरी रंग जिथे संपतो तिथे एक कड दिसतेच.

त्या कडेवर बसते पिनलाइन. ब्लाउजच्या गळ्याला टेलर पायपिंग लावतो ना, अगदी तोच फंडा. आपण म्हणतो काय मस्त दिसतंय, आणि टेलरला माहीत असतं की खालची शिवण झाकली गेली. म्हणजे शोभा आणि झाकाझाक, टू इन वन.

आता ही रेघ मारतात कशी? बोर्डावर हॉटकोट नावाचा रेझिनचा थर चढलेला आणि घासून मॅट झालेला असतो. त्यावर दोन टेप लावायच्या, मध्ये तीन ते सहा मिलीमीटरची फट ठेवून. वाक्य लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात नऊ फुटी बोर्डावर एक फेरी म्हणजे अठरा फुटांच्या आसपास, आणि त्यात सरळ भाग जवळपास नाहीच! पट्टी नाही, स्टेन्सिल नाही. मी ज्याचं काम बघत होते तो माणूस टेपचा रोल बोर्डापासून चांगला हातभर लांब धरायचा, टेप किंचित ताणलेली ठेवायचा आणि चालता चालता ती खाली पडू द्यायचा. नजर बोटाकडे नाहीच, पुढे दोन फुटांवर. एखाद्या जागी बोटाने जरा सरकवून दुरुस्ती केलीत की संपलं. तिथे कोपरा येतो, आणि डोळ्याला अख्ख्या बोर्डावर तेवढाच दिसतो. अंगणात रांगोळी घालताना आज्या रेघ न थांबता ओढतात, थांबली की गाठ पडते, त्यातलाच प्रकार. टेप बिनसली तर तो फूटभर नाही, मोठाच्या मोठा पट्टा उचलायचा आणि पुन्हा लावायचा.

मग टेपच्या आतल्या कडा नखाने दाबून घ्यायच्या. एक केसाएवढी फट राहिली तरी रंग आत झिरपतो. मग रेझिनमध्ये दाट, अपारदर्शक रंग आणि हार्डनर. अ‍ॅरल्डाइटच्या दोन ट्यूब मिसळल्या की घड्याळ सुरू होतं, तसंच इथे. ब्रशने फटीत भरायचं, भराभर, पण भरपूर. आणि नंतर थांबायचं.

सगळा खेळ या थांबण्यात आहे, बॉस. टेप रेझिन घट्ट व्हायच्या आधी काढायची असते. लवकर काढलीत तर रेघ ओघळते, कड फुगते. उशीर केलात तर रेझिन कडक होतं, टेप निघताना रेघेची कड दातेरी होते, टेपचे तुकडे खाली अडकतात. हातात असतात ती मोजकी मिनिटं, आणि तीसुद्धा रोज वेगळी. हवा गरम असली की कमी, थंड असली की जास्त. बरं, उरलेल्या रेझिनच्या कपात काडी घालून अंदाज घ्यावा, तर कप खोटं बोलतो! कपात रेझिन एका ठिकाणी साठलेलं असतं, स्वतःच्याच उष्णतेने लवकर घट्ट होतं. बोर्डावरचा पातळ थर मागे असतो. म्हणजे कप बघायचा आणि त्यातून वजाबाकी करायची. ही वजाबाकी किती, ते कुठल्या डब्यावर छापलेलं नाही.

आजकाल उन्हात धरलं की घट्ट होणारं रेझिनही मिळतं. ग्लासर लोकांचा त्याने बराच ताप वाचला, आरामात काम करा आणि झालं की बाहेर काढा. पण पिनलाइनचा रंग अपारदर्शक, त्यातून प्रकाश नीट आत जात नाही. त्यामुळे इथे जुनं घड्याळच चालू आहे.

आणि चुकलं तर? घासून काढता येतं, हो. पण खालचा हॉटकोट काही जाडजूड नसतो. जरा जास्त घासलं की फायबरचं विणकाम उघडं पडतं. या टप्प्यावर शेपरचं काम झालेलं, ग्लासिंग झालेलं, गिऱ्हाइकाचे पैसे अडकलेले. पुढे फक्त ग्लॉसचा थर आणि पॉलिश. म्हणजे सगळ्यांची मेहनत टेबलावर मांडून ठेवलेली आणि हा एकटा माणूस टेपचं टोक चिमटीत धरून उभा. त्याने ती खेचली तेव्हा माझाच श्वास अडकला होता. टेप मागे दुमडून, स्वतःच्याच अंगावरून परत, एका वेगात. कड अशी सुटली की मी शिट्टी मारायचीच बाकी होते.

शॉर्टकट आहेत. टेपमध्ये रंग मारा, नाहीतर पेनने ओढा, वर ग्लॉस चढवा, झालं. स्वस्त आणि पटकन. लांबून कळतही नाही. पण रेझिनच्या रेघेला एक जाडी असते, ती ओल्या काचेसारखी दिसते. पेनची रेघ म्हणजे पेनची रेघ.

एक गोष्ट मात्र मला खटकली. पिनलाइन कटलॅपची कड झाकते, म्हणजे वाईट कटलॅपही झाकते. म्हणूनच काही कारागीर मुद्दाम पिनलाइन लावत नाहीत. बघा, आमचं ब्लेड किती सरळ चालतं! माझं मत विचाराल तर पातळ पिनलाइनवर माझा सगळ्यात जास्त विश्वास. तीन मिलीमीटरखाली लपवून लपवून काय लपवणार? जाड पट्टा दिसला की खुशाल प्रश्न विचारा.

या धंद्याने धक्केही खाल्लेत. होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी 1958 च्या सुमारास फोमचे बोर्ड बाजारात आणले, पुढे अमेरिकेतले बहुतेक ब्लँक क्लार्कच्याच कंपनीतून जायला लागले. 5 डिसेंबर 2005 ला, सोमवारी, क्लार्कने फॅक्स पाठवला की कंपनी बंद. सर्फर त्या दिवसाला ब्लँक मंडे म्हणतात. अख्ख्या इंडस्ट्रीचा कच्चा माल एका फॅक्सवर गायब! नंतर नवे पुरवठादार उभे राहिले, पण साच्यातून निघणाऱ्या स्वस्त बोर्डांचंही फावलं. त्यांना कटलॅप नाही, म्हणजे झाकायलाही काही नाही.

आमच्या जिजूंच्या बोर्डावर मधल्या लाकडी पट्टीजवळ पेन्सिलने शेपरची सही आहे. ग्लॉसखाली, कायमची. टेप खेचणाऱ्याची नाही. मी त्याला त्याबद्दल विचारलं तर त्याने मास्क वर केला आणि पुढचा बोर्ड स्टँडवर घेतला. दिवसभर त्या वासात उभं राहणाऱ्या माणसाला माझा प्रश्न जरा मॅगझिनछाप वाटला असावा.

आणि हो, हे वाचून गोव्याला किंवा मुळकीला सर्फिंग शिकायला जाणार असाल तर जरूर जा. फक्त हातात येईल तो बहुतेक मऊ फोमचा सॉफ्ट-टॉप असेल, डोक्यात बसला तरी टेंगूळ न येणारा. त्यावर पिनलाइन शोधत बसू नका.