रिकामटेकडे कोण ?

बिबवेवाडींत अप्पर इंदिरानगरच्या दाट वस्तीला लागून एक मोठें अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सकाळीं त्या वाटेनें गेल्यास पाठीवर पिशवी घेऊन महाविद्यालयाकडे लगबगीनें जाणारे तरुण दिसतात, आणि कट्ट्यावर बसून त्यांच्याकडे पाहणारेहि दिसतात. या दुसऱ्या वर्गाविषयीं आमच्या सुशिक्षित कुटुंबांत एकच मत आढळतें : हीं मुलें आळशी आहेत. हें मत जितकें सोयीचें, तितकेंच खोटें आहे.

शिक्षण नाहीं, नोकरी नाहीं, प्रशिक्षणहि नाहीं, अशा तरुणांस इंग्रजींत 'नीट' असें आद्याक्षरी नांव आहे. आमच्या घरांत मात्र 'नीट' म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा ! दुसरा अर्थ कोणास ठाऊक असणार ?

पदवी आणि नोकरी यांची फारकत हा विषय निघाला कीं आपण पदवीधराचेंच दुःख उगाळतों. तें दुःख खोटें नव्हे. 2024 च्या भारतीय रोजगार अहवालाप्रमाणें 2022 सालीं निरक्षर तरुणांत बेकारी शेंकडा 3.4 होती, तर पदवीधर तरुणांत 29.1. (निरक्षरास बेकार राहणें परवडत नाहीं, हेंहि त्यांत आलेंच.) परंतु पदवीधर कायमचा हात जोडून बसत नाहीं. तो एक पायरी खालीं उतरतो, आणि तेथें आधींच उभा असलेल्यास ढकलतो. पोलीस शिपायाच्या जागेस बारावी पुरते. 2024 च्या भरतींत महाराष्ट्रांत सुमारें 17 हजार जागांसाठीं 17 लाखांहून अधिक अर्ज आले, आणि त्यांत अभियंतेहि होते. त्यांना दोष कोण देईल ? पण बारावी झालेल्यानें जावें कोठें ? पदवीधर शेजारी घरोघर जेवणाचे पुडे पोंचवितांना ज्यानें पाहिला, त्यानें पुढें शिकावें तरी कशासाठीं ? तो कट्ट्यावर बसतो तो आळसानें नव्हे, हिशेब करून बसतो.

मुलींचें तर बोलावयासच नको. त्याच अहवालांत तरुणींपैकीं जवळजवळ निम्म्या या वर्गांत मोडतात. पहांटेपासून पाणी भरणारी, धाकट्यांस सांभाळणारी मुलगी सरकारी गणतींत रिकामी !

सरकारनें 2024 सालीं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावीस दरमहा 6,000 रुपये, पदविकाधारकास 8,000, पदवीधरास 10,000. बारावीच्या खालीं जो अडला त्याला कांहींच नाहीं. ज्याच्याजवळ प्रमाणपत्र कमी, त्याला मदतहि कमी, हा न्याय कोणता ? रयतेच्या कराचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, असें गाऱ्हाणें याच पुण्याच्या जोतीराव फुल्यांनीं 1882 सालीं हंटर आयोगापुढें मांडलें होतें.

कोणी म्हणेल, यांत आमचा काय अपराध ? 'पदवीधर कारकून पाहिजे' ही जाहिरात कोण लिहितो ? पतपेढ्या, शाळा, गृहनिर्माण संस्था यांच्या कार्यकारी मंडळांवर आमचेच वाचक बसतात. पावत्या फाडण्यास आणि टपाल नोंदविण्यास पदवी कां लागते, याचें कारण त्यांनीं पुढच्या सभेच्या इतिवृत्तांत लिहून दाखवावें.