नोटीस आली तर सुनावणी मागा

एखाद्या घराला गावाने वाळीत टाकले म्हणजे काय होते, हे आमच्या वाचकांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. दुकानदार मीठ देत नाही, गिरणीवाला दळण घेत नाही, आणि जो कोणी देईल त्यालाही दम भरला जातो. ह्या शेवटच्या गोष्टीकडे आज लक्ष वेधायचे आहे. कारण एक अख्खा देश अशाच रीतीने वाळीत टाकला गेला, त्याला साठ वर्षे उलटली. आणि तो बहिष्कार उठवण्यासाठी बहिष्कार घालणाऱ्या देशातलेच काही वकील पिढ्यानपिढ्या झटत आले आहेत.

हा देश म्हणजे क्युबा, आणि वाळीत टाकणारी अमेरिका. १९५९ साली क्युबात क्रांती झाली. नव्या सरकारने अमेरिकन कंपन्यांच्या जमिनी आणि साखर कारखाने ताब्यात घेतले. फेब्रुवारी १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी क्युबाशी होणारा व्यापार जवळजवळ पूर्ण बंद केला. पुढे १९९२ च्या कायद्याने अमेरिकन कंपन्यांच्या परदेशातल्या उपकंपन्यांनाही क्युबाला माल विकायची बंदी झाली. क्युबाच्या बंदरात माल उतरवायला गेलेल्या जहाजाला १८० दिवस अमेरिकन बंदरात यायला मनाई झाली. आता सांगा, दोन पोती क्युबाला पोहोचवून सहा महिने अमेरिकेचे भाडे कोणता जहाजवाला सोडील? त्याच १९९२ साली आपल्या देशातून कॉम्रेड हरकिशनसिंग सुरजीत यांच्या पुढाकाराने गोळा केलेला गहू जहाजाने क्युबाला गेला होता, हे आमच्यातल्या जुन्या कामगार बंधूंना आठवत असेल.

आता वकिलांकडे वळू. नॅशनल लॉयर्स गिल्ड ही संघटना १९३७ साली निघाली. त्या काळी अमेरिकन बार असोसिएशनचे दार काळ्या वकिलांना बंद होते. गिल्डमध्ये काळे-गोरे वकील पहिल्यापासून एका बाकावर बसले. अशा बाकावरून उठलेल्या माणसांना क्युबाचे दुःख कळले, यात आम्हाला नवल वाटत नाही.

याच गटातले व्हिक्टर रॅबिनोविट्झ आणि लिओनार्ड बूडिन यांनी १९६० पासून अमेरिकन कोर्टात क्युबाचे वकीलपत्र घेतले. त्या काळात हे वकीलपत्र घेणे म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे शिव्याशाप घेणे. एका जहाजभर साखरेचे पैसे कोणाचे, असा वाद होता. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी सांगितले की, दुसऱ्या देशाच्या सरकारने स्वतःच्या हद्दीत केलेल्या जप्तीचा न्याय आम्ही करणार नाही. क्युबाची बाजू जिंकली. पण त्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेने कायदाच बदलला आणि जिंकलेला निकाल हातातून गेला!

मग प्रवासाचा प्रश्न आला. आपल्या डोळ्यांनी क्युबा पाहून यावे, असे वाटणाऱ्या नागरिकाला पासपोर्टची अडवणूक होई. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अडवणूक सरकारच्या अधिकारातली ठरवली. पण ५८ जणांना क्युबाला नेणाऱ्या तरुणांवर फौजदारी खटला झाला, तेव्हा १९६७ साली त्याच न्यायालयाने म्हटले की हा गुन्हा होत नाही. पुढे सरकारने वेगळीच युक्ती काढली. क्युबाला जा, पण तिथे पैसा खर्च करायचा नाही! बसभाडे, जेवण, खोली, काहीच नाही. ही युक्ती १९८४ साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मान्य केली. एका मताने हरले.

आम्हाला या सगळ्यात सर्वांत आवडलेला भाग मात्र मोठ्या निकालांचा नाही. आम्ही पडलो कारकून. आमचा जीव जावक क्रमांकात. क्युबाला परवान्याशिवाय जाऊन आलेल्या शिक्षकाला, म्हाताऱ्या बाईला, विद्यार्थ्याला अर्थखात्याची नोटीस येई: हजारो डॉलर दंड भरा. घाबरून कित्येक जण भरून मोकळे होत. १९९२ च्या त्याच जाचक कायद्यात दंडापूर्वी सुनावणी मागायचा हक्क होता. गिल्डच्या आणि सेंटर फॉर कॉन्स्टिट्यूशनल राइट्स या संस्थेच्या वकिलांनी तो शब्द धरला. त्यांनी लोकांना सांगितले, दंड भरू नका, लेखी सुनावणी मागा. आणि गंमत अशी की सुनावणी घ्यायला सरकारने दहाएक वर्षे न्यायाधीशच नेमले नव्हते. अर्ज येत गेले, फाइली साचत गेल्या, दंड अडकून राहिला. न्यायाधीश नेमायची वेळ आली तेव्हा असे खटले बिनफी लढवायला वकील रांगेने तयार होते. लेखी अर्जाची ताकद आम्ही आमच्या टेबलावर रोज पाहतो. साहेब तोंडी विनंती विसरतात, पण आवक शिक्का बसलेला कागद विसरता येत नाही.

क्युबाचे सरकार धुतल्या तांदळाचे आहे, असे आमचे म्हणणे नाही. जुलै २०२१ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा शेकडोंना तुरुंगात टाकले गेले. पण सरकारवरचा राग आईच्या दुधाच्या डब्यावर आणि रुग्णाच्या यंत्रावर का काढायचा? ज्या मालात एक दशांशापेक्षा जास्त अमेरिकन भाग असतील, तो तिसऱ्या देशानेही अमेरिकन परवान्याशिवाय क्युबाला विकायचा नाही, असा नियम आहे. दवाखान्यातले यंत्र घ्यायचे तर आधी त्याचे सुटे भाग मोजत बसायचे.

१७ डिसेंबर २०१४ रोजी ओबामा आणि राउल कॅस्ट्रो यांनी संबंध सुधारण्याची घोषणा केली. २० जुलै २०१५ रोजी दोन्ही वकिलाती उघडल्या. पण नाकेबंदी उठली नाही, कारण १९९६ च्या हेल्म्स-बर्टन कायद्याने तिची किल्ली राष्ट्राध्यक्षाकडून काढून संसदेकडे दिली आहे. ट्रम्प यांनी सवलती पुन्हा आवळल्या. जानेवारी २०२१ मध्ये क्युबाला दहशतवादाच्या यादीत घातले. बायडन यांनी १४ जानेवारी २०२५ रोजी तिथून काढायचे ठरवले आणि सहा दिवसांत ट्रम्प यांनी ते फिरवले. सहा दिवस! आमच्याकडे बदलीचा आदेशसुद्धा त्याहून जास्त टिकतो.

म्हणून हे वकील आता कोर्टाच्या पायऱ्यांइतकेच खासदारांच्या दारात उभे असतात. संयुक्त राष्ट्रांत १९९२ पासून नाकेबंदीविरुद्ध ठराव होत आला आहे. पहिल्या वर्षी बाजूने ५९ मते होती. भारत बाजूने मत देत आला आहे. २०१६ साली १९१ मते बाजूने पडली, विरोधात एकही नाही. खुद्द अमेरिका तटस्थ राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मात्र बाजूची मते १६५ वर आली, सात विरोधात गेली आणि बारा देश तटस्थ बसले. मतदानाआधी अमेरिकेने देशोदेशी दबाव आणला होता. दुकानदाराला दम भरायची जुनी रीत, दुसरे काय.