‘योग्य ती कार्यवाही’: एका शेऱ्याची तपासणी

‘योग्य ती कार्यवाही करावी’ हे वाक्य महाराष्ट्रातील शासकीय पत्रव्यवहारात इतके रुळले आहे की त्याविना पत्र पुरे झाल्यासारखे वाटत नाही. त्याच्या बाजूचा पूर्वपक्ष असा, की कनिष्ठ अधिकाऱ्याच्या निर्णयाधिकारात वरिष्ठाने ढवळाढवळ करू नये, म्हणून मोघम भाषाच कायद्याला धरून असते.

हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलाची नोंद, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 150 प्रमाणे तलाठी घेतो आणि ती सामान्यतः मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. ती मंजूरच करा, असे तहसीलदाराने पत्राने फर्मावणे गैर ठरेल. परंतु निकाल न सांगणे वेगळे आणि काहीच न सांगणे वेगळे. वारस नोंद रखडल्याची तक्रार तहसील कार्यालयात येते, तिच्यावर ‘नियमानुसार योग्य ती कार्यवाही करून अर्जदारास परस्पर कळवावे’ असा शेरा पडतो, जावक क्रमांक पडतो आणि एक प्रत अर्जदाराच्या हाती येते. कोणता नियम, किती दिवसांत, कळवायचे नेमके काय, यांपैकी कशाचाही तीत पत्ता नसतो, तरी तहसीलच्या नोंदवहीत प्रकरण निकाली निघालेले असते. अशा मोघमपणाने अधिकाऱ्याचा विवेक जपला जात नाही. कागद खाली ढकलणाऱ्याची जबाबदारी तेवढी मिटते, आणि बुडालेल्या मजुरीचा भुर्दंड सोसून वारसाला पुन्हा तालुक्याला यावे लागते.

परिभाषेशिवाय प्रशासन चालत नाही, हा दुसरा युक्तिवाद खरा असला तरी येथे गैरलागू आहे. फेरफार, सातबारा, प्रमाणन हे शब्द ठरावीक वस्तू व क्रिया दाखवतात. ते राहिलेच पाहिजेत. ‘योग्य ती कार्यवाही’ कोणतीच क्रिया दाखवत नाही.

त्याऐवजी शेरा असा लिहिता येतो: ‘हरकत आली असल्यास प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत घ्यावे, हरकत नसल्यास या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत निर्णय देऊन तो कारणांसह अर्जदारास कळवावा.’ यात निकालाला कुठेही हात लागत नाही, पण मुदत आणि कर्तव्य दोन्ही बांधले जातात. ज्याला दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात, त्या 2005 च्या अधिनियमानुसार कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे 7 कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक पडून राहता कामा नये. शेऱ्यात तारीख घालण्यासाठी आणखी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही.