यादीत नाव का आलं?
कामगार कपातीत नोकरी गेली की कारण विचारता येतं. एचआयव्हीसह जगणारा कामगार मात्र तिथेच अडखळतो. यादीत नाव आलं ते कंपनी तोट्यात आहे म्हणून, की एआरटी केंद्रातून एचआयव्हीची औषधं आणायला वरचेवर रजा घेतली म्हणून? विचारायचं तर आजार उघड करावा लागेल. डबीवरचं लेबल खरवडून, कुणी बघत नाही ना याची खात्री करून गोळी घेणाऱ्याला ही किंमत परवडत नाही. तो हिशेब घेतो आणि निमूट निघून जातो. हे मला अत्यंत अन्यायकारक वाटतं.

मुंबई उच्च न्यायालयानं 1997 मध्येच, नाव गुप्त ठेवून दाद मागणाऱ्या एका रोजंदारी कामगाराच्या खटल्यात बजावलं होतं: माणूस कामाला सक्षम असेल तर केवळ एचआयव्हीमुळे त्याला काम नाकारता येणार नाही. पुढे 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आला. त्यानुसार 100 किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत तक्रार अधिकारी हवाच. ओळख झाकून न्यायालयात जाण्याची सोयही आहे. पण हे कामगाराला सांगतं कोण? म्हणूनच कपातीच्या निकषांत वैद्यकीय रजा धरायची नाही, ही अट कामगार संघटनांनी येत्या वेतनकरारातच घालून घ्यावी.